मध्येच तुटलेल्या त्या कॉलवरच्या ताईंना

ताई,

सप्रेम नमस्कार.

तो कॉल मी कट केला नव्हता. सगळ्यात आधी हेच सांगायचं आहे. दुकानात पॉवर बँक निवडून झाल्यावर तुम्ही विचारलंत, "मग दादा, हाच घ्यायचा ना?" मी "हो" म्हणालो, आणि पुढे आभार मानणार तोच माझा फोन बंद पडला. तुम्हाला वाटलं असेल, काम झालं आणि याने फोन ठेवून दिला. इतका वेळ दिल्यावर समोरून साधं 'धन्यवाद'सुद्धा आलं नाही, हे तुम्हाला लागलं असेल, या विचाराने मला त्या रात्री नीट झोप आली नाही.

'बी माय आइज' या ॲपवर आम्हा अंधांचा व्हिडिओ कॉल ज्यांनी उचलला त्यांनाच पुन्हा शोधून काढता येत नाही. नाव कळत नाही, नंबर कळत नाही. आपण मराठी भाषा निवडून ठेवलेली असते, तेवढ्या धाग्यावर कुठूनतरी मराठी बोलणारा आवाज येतो. स्वतःची नजर अधू असलेल्या हान्स यॉर्गन विबर्ग नावाच्या डॅनिश कारागिराला हे सुचलं आणि २०१५ मध्ये ते ॲप सुरू झालं. अनोळखी माणसाने अनोळखी माणसाला दोन मिनिटं डोळे द्यायचे, एवढीच कल्पना. तुम्ही मला जवळजवळ अर्धा तास दिलात. म्हणून हे उघडं पत्र. कधीतरी कुणीतरी तुम्हाला वाचून दाखवेल, किंवा तुम्हीच वाचाल.

मी काउंटरपाशी उभा होतो हे तुम्हाला दिसत होतंच. त्याआधीची गोष्ट तुम्हाला माहीत नाही. विक्रेत्याकडे गर्दी होती. मी पॉवर बँक मागितल्यावर त्याने चार पॅक माझ्यासमोर ठेवले, "सगळे सारखेच आहेत, मोठा घेऊन टाका" म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. मोठा म्हणजे कसा, किती, कुठे काय लावायचं, काही नाही. माझ्या फोनमध्ये तेव्हा अठरा टक्के बॅटरी होती. व्हिडिओ कॉल बॅटरी किती खातो हे ठाऊक असूनही मी कॉल लावला, कारण न बघता घेतलेल्या पॅकचा अनुभव मला होता. तोच माझ्या खिशात होता.

डोळस माणसाचा फोन बंद पडला तर त्याचा खोळंबा होतो. माझा फोन बंद पडला की मी आहे तिथे थांबतो. रस्ता सांगणारा तोच, बसवरची पाटी वाचणारा तोच, हातातली नोट किती रुपयांची हे सांगणारा तोच. मागे एकदा चालता चालता "वीस मीटरवर डावीकडे" एवढं बोलून तो गप्प झाला होता. वीस मीटर गेलो, डावीकडे वळलो, आणि पुढे काही नाही. बॅगेत भरलेला पॅक होता, निदान मी तरी तो रात्रभर चार्ज करून ठेवला होता. लावला तर तो रिकामा. हे महिन्यातून चार-पाचदा व्हायला लागलं होतं. लोक म्हणायचे, तुझ्या फोनची स्क्रीन तर काळीच असते, मग बॅटरी कशी संपते? खरं आहे, टॉकबॅकमध्ये, म्हणजे स्क्रीनवरचं सगळं बोलून दाखवणाऱ्या फोनमधल्या सोयीत, मी स्क्रीन लपवून ठेवतो, तेवढी वाचतेच. पण कॅमेरा, जीपीएस, इंटरनेट आणि दिवसभर बोलणारा आवाज, हे सगळं चालू असतं ना.

तर तुम्हाला मी आधी जुना पॅक दाखवला. त्यावरचा आकडा वाचून घ्यायचा आणि तसाच नवा घ्यायचा, इतकाच माझा बेत होता. तुम्ही म्हणालात, "जरा तिरपा धरा दादा, चकाकतंय." मी तिरपा धरला. मग तुम्ही सहज विचारलंत, "याचा दिवा मुद्दाम लावून ठेवलाय का?"

कुठला दिवा?

त्या पॅकला एका टोकाला टॉर्च आहे हे मला तीन वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. तुमच्या सांगण्यावरून मी बटण चाचपलं. एकदा दाबलं तर चार्ज दाखवणारे ठिपके लागले, लागोपाठ दोनदा दाबलं तर टॉर्च विझला, पुन्हा दोनदा दाबलं तर पेटला. बॅगेत किल्ल्यांचा, डब्याचा धक्का लागून तो पेटत होता आणि दिवसभर अंधाऱ्या कप्प्यात जळत राहत होता. संध्याकाळी मी पॅक बाहेर काढायचो तेव्हा तो रिकामा, आणि मी दोष देत होतो त्याच्या बॅटरीला. फोटो वाचणाऱ्या एका ॲपला मी तो पॅक पूर्वी दाखवला होता. त्याने 'काळ्या रंगाची पॉवर बँक' एवढंच सांगितलं होतं. तुम्हाला मी दिव्याबद्दल विचारलं नव्हतं. तुम्हाला तो दिसला आणि तो खटकला.

मला इतका आनंद झाला की मी म्हणालो, मग नवा घ्यायलाच नको! तेव्हा तुम्ही थोडं थांबून म्हणालात, "पण हा मधून असाच फुगीर असतो का?" मी तो काउंटरवर उताणा ठेवून बोटाने दाबला. डुगडुगला. कडेच्या जोडावरून नख फिरवलं तर एका जागी फट. रोज हातात घेत होतो, पण फुगवटा इतक्या हळूहळू आला की बोटांना तो कळलाच नाही. लिथियम बॅटरीच्या पॅकला पोट आलं, जोड उघडला किंवा गोडसर, औषधी वास यायला लागला की तो पुन्हा चार्ज करायचा नाही आणि घरच्या कचऱ्यातही टाकायचा नाही. माझा मी ई-कचरा घेणाऱ्यांकडे दिला. आता नवा पॅक दर रविवारी सपाट फरशीवर ठेवून डुगडुगतो का ते बघतो. हे बोटांना येतं, डोळे लागत नाहीत. तुमच्यामुळे ही सवय लागली.

मग आपण ते चार पॅक बघितले. तुम्ही वाचत गेलात, मी चाचपत गेलो.

पहिल्यावर २०००० एमएएच लिहिलेलं होतं, ठळक. बॅटरीत किती चार्ज मावतो तो हा आकडा. मी म्हटलं, त्याच्या खाली बारीक अक्षरात वॉट-अवर, म्हणजे आत एकूण ऊर्जा किती, ते लिहिलंय का बघा. तुम्ही शोधलंत, पॅक उलटा करायला लावलात, म्हणालात काहीच नाही. माझा हात आधीच सांगत होता. खऱ्या वीस हजार एमएएचच्या पॅकचं वजन साधारणपणे सव्वातीनशे-साडेतीनशे ग्रॅम तरी भरतं, हा पोकळ लागत होता. बाजूला ठेवला.

दुसऱ्यावर तुम्हाला दोन आकडे सापडले आणि तुम्ही बुचकळ्यात पडलात. वर १००००, खाली रेटेड ५८००. "यातलं खरं कुठलं?" तुम्ही विचारलंत तेव्हा मला फार बरं वाटलं, कारण इतका वेळ मीच घेत होतो, आता मलाही काही देता आलं. दोन्ही खरे, ताई. वरचा आकडा आतल्या सेलचा, ३.७ व्होल्टवरचा. म्हणजे ३७ वॉट-अवर. फोनला द्यायची वीज ५ व्होल्टची करावी लागते, त्यात आकडा आपोआप ७४०० वर येतो आणि काही वीज उष्णतेत जाते. उरतात ते ५८००. माझ्या ५००० एमएएचच्या फोनला तो जेमतेम सव्वा वेळा भरेल. छोटा आकडा छापणाऱ्यावर माझा जास्त विश्वास बसतो. शिवाय वॉट-अवर लिहिलेले असले की विमानप्रवासात वाद होत नाही. १०० वॉट-अवरपर्यंतचा पॅक साधारणपणे वेगळी परवानगी न घेता नेता येतो, फक्त तो जवळच्या बॅगेत ठेवायचा, चेक-इनच्या सामानात नाही.

तिसरा पॅक हातात घेतला तेव्हा तुम्ही एकदम खूश होऊन म्हणालात, "अरे वा, यावर किती टक्के उरलेत ते आकड्यात दिसतं!" आणि लगेच गप्प झालात. "सॉरी दादा." माफी मागण्यासारखं त्यात काहीच नव्हतं, हे तेव्हा सांगायचं राहिलं. तुम्ही जे दिसलं ते सांगितलंत. माझ्यासमोर बोलताना लोक शब्द मोजून मापून वापरतात आणि मग निम्मी माहिती माझ्यापर्यंत पोहोचतच नाही. त्या पॅकला बटणही नव्हतं, काचेवर बोट टेकवायचं. ते बोटाखाली सापडेना, म्हणून तो मागे पडला. चौथा पाठीला चिकटणारा, वायरलेस. माझ्या फोनला चुंबक नाही. चुंबक नसेल तर चालताना पॅक जरा सरकला की चार्जिंग थांबतं, आणि वायरपेक्षा वीज वाया जाते ती वेगळीच. ज्यांच्या फोनला चुंबक आहे त्यांना मात्र तो सोयीचा, पोर्ट शोधावं लागत नाही.

म्हणजे उरला दुसरा. मी तुम्हाला विचारलं, पोर्ट किती? दोन, एक चौकोनी रुंद आणि एक लंबगोल. मी नखाने खात्री करून घेतली. हे मला का हवं होतं ते तेव्हा सांगायला वेळ मिळाला नाही. माझा फोन यूएसबी-सीचा, म्हणजे लंबगोल पोर्टचा. दोन्ही टोकांना सी असलेली वायर लावली तर वीज कुणी कुणाला द्यायची हे फोन आणि पॅक आपसात ठरवतात, आणि कधी कधी उलटंच ठरतं. एकदा उसन्या पॅकने अर्ध्या तासात माझ्या फोनचे चार टक्के काढून घेतले होते, मी मात्र निश्चिंत होतो की फोन भरतोय. चौकोनी पोर्टमधून, म्हणजे यूएसबी-एमधून, वीज फक्त बाहेर येते. म्हणून आता फोन भरायचा चौकोनी पोर्टातून आणि पॅक भरायचा लंबगोल पोर्टातून. बोट लावलं की कळतं, चुकायला जागा नाही. वायर मी एक फुटाचीच घेतली आहे. एका हातात पांढरी काठी असते, लोंबणारी लांब वायर तिच्यात अडकते.

टॉर्च नाही ना, हे तुम्ही स्वतःहून खोक्यावर वाचून बघितलंत. मी विसरलो होतो.

एकच अडचण राहिली होती. किती चार्ज उरलाय हे कळायचं कसं? याही पॅकला चार ठिपकेच. तेव्हा तुम्ही म्हणालात, "माझ्या हाताला कायम केसांचं रबर असतं. तसं एखादं याला चढवा आणि सरकवत जा." दहा वर्षं मी फोन वापरतोय, अंध मित्रांच्या कितीतरी युक्त्या मला ठाऊक आहेत, ही नव्हती. पॅक भरला की रबर पोर्टच्या टोकाशी. दहा वॉटच्या चार्जरने साडेचार-पाच तास लागतात, मी रात्रभर लावून ठेवतो, म्हणजे शंका नको. फोन किती टक्के झाला हे टॉकबॅक सांगतोच. त्याने पन्नास टक्के घेतले की रबर बोटभर खाली. दोन बोटं खाली आलं की पॅक संपत आला, घरी जायची वेळ झाली.

त्या दिवशी फोन बंद पडल्यावर मी तिथेच पैसे देऊन खोकं उघडलं. नवा पॅक थोडा भरलेला असतो, त्यालाच फोन लावला. दहा-बारा मिनिटांनी फोन बोलायला लागला. आधी ॲप उघडलं, तुम्ही कुठेच नव्हतात. विक्रेता आता मोकळा झाला होता. त्याने विचारलं, कोण होत्या त्या, बहीण का? मी हो म्हणालो.

ताई, तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत की हा घ्या. चारही वेळा जे होतं ते वाचलंत आणि मी हाताने ठरवेपर्यंत थांबलात. शेवटी विचारलंत तेही 'घ्यायचा ना?' असं. त्या प्रश्नासाठी, त्या दिव्यासाठी आणि त्या रबरासाठी मनापासून आभार. हे लिहायला बसलो तेव्हा रबर पोर्टपाशी होतं. आता ते बोटभर खाली आहे.

तुमचा,
तो काउंटरवरचा दादा