गजू, ते एकाहत्तर तुझं की फॉक्सप्रोचं?

म्हापसा,
जुलैची अखेर, पाऊस चालूच

प्रिय गजू,

चवथीला येतो म्हणून गेलास त्याला दोन चवथी उलटल्या, आणि फोन न करण्यात मीही तुला हार गेलेलो नाही. तेव्हा रुसवा फिटंफाट. प्रकृती ठीक, गुडघा होता तिथंच आहे. लिहायचं कारण एवढंच, की पतसंस्थेसाठी आपण फॉक्सप्रोमध्ये लिहिलेल्या प्रोग्रामातल्या, व्याजाच्या पीआरजी फाईलमधल्या एका ओळीचं उत्तर जगात फक्त तुझ्याकडे आहे. फोनवर विचारलं तर तू हसून विषय उडवशील.

पतसंस्थेत नवीन मशिनं आली. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, ऑडिटरने शेरा मारला, आणि सेक्रेटरीने विंडोज ११ ची तीन उचलली. आपल्या आयकॉनवर डबल क्लिक केलं की ‘धिस ॲप कान्ट रन ऑन युवर पीसी’. काउंटरवाल्या बाईंना वाटलं व्हायरस. व्हायरस असता तर बरं झालं असतं रे. फॉक्सप्रो २.६ विंडोजच्या आधीच्या डॉसचं, ६४ बिटी विंडोजमध्ये डॉसला चालवणारं एनटीव्हीडीएम नाहीच, आणि विंडोज ११ ची ३२ बिटी आवृत्ती काढलेलीच नाही. विंडोज १० ची ३२ बिटी प्रत टाकून आपण इतकी वर्षं ढकललं. ती वाट बुजली.

तुझं तोंड दिसतंय मला. ‘२००७ मध्येच सांगितलं होतं.’ हो बाबा, सांगितलं होतंस. मायक्रोसॉफ्टने त्या मार्चमध्ये फॉक्सप्रोची पुढची आवृत्ती येणार नाही असं जाहीर केलं, तेव्हा मार्केटातल्या भाजीपावाच्या टेबलावर तू डॉटनेट शिक म्हणालास. मी म्हणालो, फॉक्सप्रोची डेटाची डीबीएफ फाईल कुणाच्या बापाला मारता येणार नाही. दोघंही बरोबर निघालो, हीच पंचाईत. विंडोजवरच्या शेवटच्या आवृत्तीचा, व्हिज्युअल फॉक्सप्रो ९ चा, उरलासुरला सपोर्ट १३ जानेवारी २०१५ ला गेला आणि त्या दिवशी कुठं काही बिघडलं नाही. त्यात बनवलेलं एक्झी आजही विंडोज ११ वर धावतं, शेजारी व्हीएफपी९आर, व्हीएफपी९आरईएनयू आणि एमएसव्हीसीआर७१ या डीएलएल ठेवल्या की झालं. केमिस्टचं तसंच चाललंय. भाषा बसते जागच्या जागी, खचतं ते अवतीभवतीचं: आधी प्रिंटरचं एलपीटी पोर्ट, मग शाईच्या रिबिनी, मग खालची विंडोज, आणि आता तिची माणसं.

तात्पुरता टेकू दिलाय तो व्हीडॉसचा, नव्या विंडोजवर डॉसचे प्रोग्राम चालवतो तो. डॉसबॉक्स घेऊ नकोस, कुणी कितीही सांगो. तो खेळांसाठी बनवलेला, रेकॉर्ड लॉक मानत नाही. दोन काउंटरांवर एकच खातं उघडलं की जो नंतर सेव्ह करील त्याचं खरं. व्हीडॉस कामाच्या प्रोग्रामांसाठी आहे, तो लॉक पाळतो. फोल्डर कॉपी करायचा, ऑटोएक्झेकच्या टेक्स्ट फाईलमध्ये ‘यूज सी:’ लिहून डेटाचा रस्ता दाखवायचा, खाली फोल्डर बदलायचा ‘सीडी’ हुकूम, त्याखाली एक्झीचं नाव. एलपीटी१ वर जाणारं छापणं तो विंडोजच्या प्रिंटरकडे वळवतो. पासबुकाच्या प्रिंटरने दोन दिवस जीव खाल्ला: सीएचआर(१५) या संकेताने अक्षरं बारीक होत, पण सीएचआर(१८) पाठवून ती परत मोठी करायचं आपण एका ठिकाणी विसरलो होतो. जुना प्रिंटर दर वेळी बंद करून चालू करत, म्हणून तीस वर्षं कळलं नाही. (ते ठिकाण तुझ्या मोड्यूलमध्ये आहे. नुसतं सांगून ठेवतो.)

नेटवर्कवर आणखी एक. विंडोज शेअरवरच्या फाईलची माहिती काही सेकंद स्वतःजवळ जपून ठेवते, त्यामुळे एका मशिनवर भरलेली पावती दुसऱ्यावर उशिरा दिसते. विंडोजच्या रजिस्ट्रीत लॅनमॅनवर्कस्टेशनच्या पॅरामीटर्समध्ये फाईलइन्फो, डिरेक्टरी आणि फाईलनॉटफाउंड या तिन्ही कॅशचा लाइफटाइम शून्य केला. थोडं हळू झालं, पण पावत्या वेळेवर दिसायला लागल्या.

आणि मग मृगातली ती रात्र. लाईट गेली, यूपीएस आधीच मेलेला. सकाळी व्यवहारांचं टेबल उघडेना. तुला अशा वेळी मजा यायची, म्हणून सविस्तर लिहितो. फाईल ५८,६७,७६६ बाइटची. अठरा फील्ड, म्हणजे हेडर (फाईलच्या सुरुवातीचा माहितीचा भाग) ३२ अधिक १८ गुणिले ३२ अधिक १, झाले ६०९. रेकॉर्ड १४२ चं. वजा करून भागलं तर ४१,३१८ आणि बाकी १. ती बाकी म्हणजे फाईल संपल्याची खूण, शेवटचा १ए बाइट. हेडर मात्र ४१,३२२ सांगत होतं. चार पावत्या मोजल्या गेल्या, पण डिस्कवर उतरल्याच नाहीत. आधी कॉपी काढली, मग हेक्स एडिटरमध्ये चौथ्या बाइटपासून ६६ ए१ ०० ०० (४१,३१८ हेक्समध्ये, उलट्या क्रमाने) लिहिलं, टेबल उघडलं. रीइंडेक्स मारलं नाही. बिघडलेल्या सीडीएक्सवर, म्हणजे इंडेक्सच्या फाईलवर, रीइंडेक्स म्हणजे वाळवी लागलेल्या वाशाला रंग देणं. सगळे टॅग उडवून पीआरजीतून नव्याने केले. चार पावत्या बाईंनी वाउचरांवरून परत भरल्या. सगळं मिळून चाळीस मिनिटं. गजू, हे करणारं माझ्यानंतर या तालुक्यात कोण आहे, सांग.

म्हणून नवीन लिहायला घेतलंय. लिहितोय माझा भाचा, सी शार्प आणि एसक्यूएल सर्व्हरमध्ये. पोरगा हुशार आहे, फॉक्सप्रोला ‘ते निळं’ म्हणतो.

जुन्या सभासद यादीतली देवनागरी नावं आठवतात? पीसीवर देवनागरी दाखवणाऱ्या जिस्ट कार्डाच्या दिवसांतली. कार्ड भंगारात गेलं, डेटा इस्कीमध्ये, म्हणजे भारतीय लिप्यांच्या जुन्या संकेतात, तसाच राहिला. भाच्याने टेबल व्हिज्युअल फॉक्सप्रोमधून काढलं. डीबीएफच्या २९ व्या बाइटमध्ये ०१ होतं, म्हणजे कोडपेज (अक्षरांचा तक्ता) ४३७. त्याने इमानदारीत ते १२५२ मध्ये फिरवलं, आणि एका रात्रीत सगळे सभासद पोर्तुगीज झाले, प्रत्येक अक्षरावर टोपी नाहीतर शेपटी. अक्षरं बदलू नकोस असं सांगणारं नोसीपीट्रान्स लावायला हवं होतं. शेवटी पायथनने कच्चे बाइट वाचून इस्कीचा तक्ता लावला. इस्कीत अक्षरं उच्चाराच्या क्रमाने असतात, त्यामुळे काम सोपं झालं. फॉन्टवाला डेटा असता तर प्रत्येक ऱ्हस्व वेलांटी उचलून व्यंजनाच्या नंतर न्यावी लागली असती. मग तारखा. खातं बंद केल्याची तारीख रिकामी असली की डेटा बाहेर काढायच्या ओएलई डीबीतून ती ३० डिसेंबर १८९९ होऊन येते. सगळी चालू खाती पोर्तुगालच्या राजाच्या अमदानीत बंद! हे सगळं सापडतं, कारण डोळ्यांना दिसतं.

न दिसणारं आता ऐक. अर्ध्या वर्षाचं व्याज दोन्हीकडे काढलं. नव्यात १,३०६ रुपये जास्त. उलगडत गेलो तर सहा खात्यांत एकेक रुपया कमी. ३,६५० रुपये, ९ टक्के, ४५ दिवस धर: ४० रुपये ५० पैसे. फॉक्सप्रोचा राउंड ४१ करतो. सी शार्पचा मॅथ.राउंड, काही सांगितलं नाही तर, अर्ध्याला जवळच्या सम आकड्याकडे नेतो, म्हणून ४०. अर्ध्याला वर न्यायला अवेफ्रॉमझीरो लिहिलं, सहा रुपये जमले. राहिले १,३१२. ते सगळेच्या सगळे १९ खात्यांत, आणि ती १९ ही खाती वर्ग ७१ ची. पायलटांची, मोटरसायकल टॅक्सीवाल्यांची.

आता ओळ. १ एप्रिल २०१० पासून बँकांनी बचतीचं व्याज रोजच्या शिलकेवर द्यायला सुरुवात केली, आपल्या संस्थेनेही तेच घेतलं, आणि तो बदल तू केलास. वर्ग ७, पिग्मीला जोडलेली बचत, तेवढी जुन्या नियमावर ठेवली: १० तारखेपासून महिनाअखेरपर्यंतची किमान शिल्लक. तू लिहिलंस, इफ एम_वर्ग = "७", आणि पुढे शेरा, ‘ॲज पर मीटिंग’. सेट एक्झॅक्ट आपल्याकडे कायम ऑफ. म्हणजे डावीकडचं उजवीकडच्याने सुरू होत असलं की फॉक्सप्रो म्हणणार, बरोबर. "७१" ची सुरुवात "७" ने होते. पायलटांची खातीही जुन्या नियमात गेली. एसक्यूएलमध्ये "७१" म्हणजे "७" नव्हे, म्हणून नव्यात त्यांना रोजच्या शिलकेवर व्याज मिळतं आणि ते जास्त भरतं. (सी शार्पने तर आणखी घोळ घातला होता: फील्ड दोन अक्षरांचं, त्यात "७" आणि पुढे रिकामी जागा, ते "७" शी जुळेचना. ट्रिम केल्यावर जमलं.)

भाच्याने विचारलं, ‘मामा, हा नियम की चूक?’ मी चहा मागवला.

मीटिंगच्या इतिवृत्ताची वही वाळवीने खाल्ली. सेक्रेटरी तेव्हाचे नाहीत. पायलट मंडळी दिवसाचे सुटे पैसे भरतात, लगेच काढतात, त्यांना जुना नियम लावला की महिनाभर पैसे असूनही किमान शिल्लक शंभर. ७१ ला मुद्दाम ७ च्या पोटात घातलं होतं का? म्हणजे ‘७ चीच पोटशाखा आहे, एका इफमध्ये दोन्ही येतात’ असा विचार करून? तू असं करायचास, आणि शेऱ्यात लिहायचा कंटाळा करायचास. यावरून आपलं भांडण २००३ पासूनचं आहे. की तुझ्याही ध्यानात आलं नाही आणि एक्झॅक्ट ऑफने परस्पर ठरवलं?

मुद्दाम असेल तर सोपं. नव्या प्रोग्राममध्ये ७ आणि ७१ दोन्ही स्पष्ट लिहितो, संचालकांचा ठराव घेतो. चूक असेल तर सोळा वर्षांचा फरक काढायचा. २०१५ पासूनचे झिप शाबूत आहेत. त्याआधीचे व्यवहार दर मार्चला सीडीवर घालून टेबलातून डिलीट आणि पॅक करायचो, आणि त्या पाचांतल्या दोन सीडींना बुरशी आहे. खातेउतारे हाताने चाळावे लागतील. चाळेन. पण आधी मला तुझं ‘हो’ किंवा ‘नाही’ लेखी हवं. ‘बहुतेक’ नको, तुझं बहुतेक मला माहीत आहे.

पोरीचं लग्न ठरलं असं कानावर आलं, फार आनंद झाला, तारीख कळव. वहिनींसाठी सोलं बांधून ठेवलीत. पुण्यातलं पाणी सुधारलं का? आईंना नमस्कार.

तुझा,
दिगू

ता. क. सेट एक्झॅक्ट ऑन करून जुनाच प्रोग्राम चालवून बघ, असं तू सांगशील. बघितला. ७१ ची १९ खाती बरोबर रोजच्या शिलकेवर गेली, म्हणजे कारण तेच. पण काउंटरवर ‘नाई’ टाकल्यावर नाईक येईनात, पूर्ण नाव टंकावं लागायला लागलं, आणि बाईंनी मला शुक्रवारच्या बाजारात सगळ्यांसमोर गाठलं. परत ऑफ केलंय.