नंबर वन, पण कशात?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारी पेपर हातात घेतला की आधी चार पानं जाहिरातीच उलटाव्या लागतात, त्याबद्दल तक्रार नाही, पेपर त्याच्यावरच चालतो हे कळतं. तक्रार आहे ती त्यात जे छापलेलं असतं त्याबद्दल. वाकड, बाणेर, हिंजवडी बाजूचा प्रत्येक नवा प्रोजेक्ट 'पश्चिम पुण्यातला सर्वात आलिशान', प्रत्येक क्लास 'महाराष्ट्रात अव्वल', प्रत्येक सेल 'आजवरचा सर्वात मोठा'. अहो सगळेच पहिले आले तर दुसरा नंबर कोणाचा? आणि पहिला म्हणजे कशात, खपात, किमतीत, का बिल्डरच्या स्वतःच्या मनात, ते कुठेच नसतं.

वर एक छोटासा स्टार असतो, तो पकडून खाली गेलं की भिंग लागेल अशा अक्षरांत 'अटी लागू', आणि हेडिंग मराठीत असलं तरी अटी बहुतेक वेळा इंग्रजीत. खरं तर केंद्राच्या २०२२ च्या गाइडलाइन्समध्ये सरळ म्हटलंय की खुलासा दाव्याच्याच भाषेत आणि त्याच फाँटमध्ये पाहिजे. कोण बघतंय?

मला वाटतं यातली खरी गोम अशी आहे की जिथे आकडा असतो तिथे जाहिरातवाला सापडतो आणि जिथे नुसतं विशेषण असतं तिथे तो हात झटकून मोकळा. कार्पेट एरिया लिहिला त्यापेक्षा कमी भरला तर महारेराकडे, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, जाता येतं, जाहिरातीत महारेरा नंबर लागतो, ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडसुद्धा लागतो. ग्राहक कायदा २०१९ प्रमाणे फसव्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत. पण 'अल्ट्रा प्रीमियम' लिहिलं आणि राहायला गेल्यावर वर्षभरात बाथरूमचे नळ गळायला लागले तर त्यात खोटं काय होतं ते तुम्ही सिद्ध कसं करणार?

एका साइटवर सॅम्पल फ्लॅट बघताना मी विचारलंच, प्रीमियम म्हणजे काय हो नक्की? सेल्सचा मुलगा म्हणाला, सर सगळ्या फिटिंग्ज ब्रँडेड आहेत. कुठला ब्रँड? त्याने माहितीपत्रक उघडून एका ओळीवर बोट ठेवलं, 'नामांकित कंपनीचे किंवा तत्सम'. आता त्या 'तत्सम'मध्ये हार्डवेअरच्या दुकानांची अख्खी बोहरी आळी बसते. मुलाचा काही दोष नाही म्हणा, त्याला जे पाठ करून दिलंय ते तो बोलणार, कॉफी मात्र चांगली होती.

अतिशयोक्ती अजिबातच नको असं माझं म्हणणं नाही. अमृततुल्यमध्ये चहा पिऊन अमृत मिळालं नाही म्हणून कोणी ग्राहक आयोगात जात नाही, आणि जाहिरातींवर लक्ष ठेवणारी आस्की ही संस्था, जी १९८५ पासून आहे, तिच्या नियमांतही उघड उघड गमतीची अतिशयोक्ती चालते. पण ती चहाला ठीक आहे हो, वीस वर्षं हप्ते भरायच्या फ्लॅटला नाही, आणि पोरांच्या करिअरला तर नाहीच.

पोरांवरून आठवलं. सदाशिव पेठ, नवी पेठेत स्पर्धा परीक्षांच्या बॅनरवर हसऱ्या टॉपर्सचे फोटो असतात, पोरं गावाकडून येतात आणि ते फोटो बघून फी भरतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने यूपीएससीच्या काही क्लासेसना दंड केला तेव्हा बाहेर आलं की बऱ्याच टॉपर्सनी तिथे फक्त इंटरव्ह्यूची तयारी केली होती, तीसुद्धा फुकटात, आणि जाहिरातीत ते लपवलेलं. मग नोव्हेंबर २०२४ मध्ये नियम आला की फोटो छापायचा तर त्याने कुठला कोर्स केला, पैसे भरून केला का, हेही छापा. म्हणजे सक्ती केली की जागा सापडते, इतके दिवस जागा नव्हती असं थोडंच आहे.

तर माझी मागणी सरकारकडे नाहीये, तुमच्याकडे आहे. तुमच्या जाहिरात विभागाने एवढंच ठरवावं की ज्याला 'नंबर वन' किंवा 'सर्वोत्तम' लिहायचंय त्याने कशात, कोणी मोजलं आणि कुठल्या वर्षी, हे शेजारी त्याच आकारात लिहावं, नाहीतर तो शब्द काढावा. एखाद-दोन जाहिराती जातील, जाऊ देत.

आणि जाता जाता, तुमच्या स्वतःच्या नावाखालीही 'नंबर १' छापलेलं असतं. आमच्या शेजारी दुसरा पेपर येतो, तोही नंबर १ आहे. विकलेल्या प्रती मोजणं वेगळं आणि वाचणारी माणसं मोजणं वेगळं, हे मला माहितीये, म्हणून विचारतो, तुमचा नंबर यातला कुठला, आणि पुणे शहराचा का अख्ख्या राज्याचा? पत्र छापताना हा परिच्छेद कापलात तरी चालेल, पण मग उत्तर घरी कळवा.

– एक जुना वाचक, कोथरूड, पुणे