भाडेकरूंची नोंद सोसायटीच्या दप्तरात हवी

महोदय,
जळगावात महाबळ, पिंप्राळा भागात अपार्टमेंट वाढली, पण कोणत्या फ्लॅटमध्ये मालक राहतो आणि कोणत्यात भाडेकरू, हे सोसायटीच्या दप्तरात सापडत नाही. सभासदांच्या ‘आय’ (सभासद नोंदवही) आणि ‘जे’ (सभासद यादी) नमुन्यात फक्त मालकाचे नाव असते. मालक पुण्याला किंवा सुरतेला, फ्लॅटमध्ये चोपडा-यावलची शिकणारी मुलं. आमच्याकडे रात्री वरच्या मजल्यावर पाइप फुटला, तेव्हा मालकाचा जुना नंबर बंद होता आणि आत राहणाऱ्याचा नंबर कोणाकडेच नव्हता. खालच्या घरात पहाटेपर्यंत पाणी गळत होतं.

आदर्श उपविधींनुसार, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमावलीनुसार, फ्लॅट भाड्याने देताना सभासदाने सोसायटीला आधी लेखी कळवून कराराची प्रत द्यायची असते. कराराची नोंदणी तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 नेच बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी मालकाची. तरीही अनेक जण कळवत नाहीत, कारण मालक स्वतः राहत नसल्यास सोसायटी जे घेते त्या बिनभोगवटा शुल्काची धास्ती. वास्तविक 1 ऑगस्ट 2001 च्या शासन आदेशानुसार ते सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. आई-वडील, भाऊ-बहीण, मुलं राहत असतील तर तेही नाही. काही कमिट्या मनमानी आकारणी करतात, म्हणून लोक लपवतात. हे आधी थांबलं पाहिजे.

सचिवांनी दरवर्षी वार्षिक सभेआधी प्रत्येक फ्लॅटचा भोगवटा, म्हणजे तिथे कोण राहतं ते, लिहून घ्यावा, भाडेकरूचा फोन नंबरही. सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांनी धुळे, नंदुरबारसह तिन्ही जिल्ह्यांत तशा लेखी सूचना काढाव्यात, ही विनंती.

– एक सभासद, जळगाव