दुचाकीचा हेडलाइट : आधी होल्डर तपासा, मग एलईडी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

होटगी रोड असो की अक्कलकोट रोड, रात्री समोरच्या दुचाकीचा पांढराफेक झोत डोळ्यांत घुसतो आणि पुढची उसाची ट्रॉली दिसेनाशी होते. हे झोत बहुतेक हॅलोजन बल्बसाठीच्या डोममध्ये (हेडलाइटच्या घरात) कोंबलेल्या एलईडीचे असतात. हॅलोजनमध्ये डिपरच्या, म्हणजे खालच्या झोताच्या, फिलामेंटखाली (तापून उजेड देणाऱ्या तारेखाली) पत्र्याची छोटी वाटी असते. तिच्यामुळे उजेड रिफ्लेक्टरच्या वरच्या अर्ध्या भागावरच पडतो आणि तिथून रस्त्यावर उतरतो. एलईडीची चिप नेमकी फिलामेंटच्या जागी नसेल किंवा चिप बसवलेली पट्टी जाड असेल तर फोकस फुटतो. मग हेडलाइटचं तोंड कितीही खाली करा, उपयोग नाही.

मुळात उजेड मंद झाला की बल्बलाच दोष कशाला? जळकट होल्डर आणि गंजलेली अर्थिंगची वायर आधी बघा. बॅटरीवर चालणाऱ्या हेडलाइटला 13.5 व्होल्टऐवजी 12.1 मिळाले तरी हॅलोजनचा उजेड जवळपास 30 टक्के घटतो. होल्डर बदलून रिले (बॅटरीचा करंट थेट दिव्याला देणारा विजेवरचा स्विच) टाकला, तर बऱ्याच गाड्यांना एलईडीची गरजच पडत नाही. 35/35 वॉटच्या एचएस-1 बल्बऐवजी 60/55 वॉटचा एच-4 बल्ब ठोकणं मात्र टाळा, होल्डर वितळतो.

तरीही एलईडी हवाच असेल, तर रेस दिल्यावर हेडलाइट उजळतो का ते पाहा. उजळत असेल तर तो बहुधा बॅटरीवर नसून इंजिनाच्या मॅग्नेटमधून येणाऱ्या एसी करंटवर आहे. मल्टिमीटर लावून खात्री करा. साधा डीसी एलईडी त्यावर लुकलुकतो आणि त्याचा ड्रायव्हर (आतलं करंट सांभाळणारं सर्किट) लवकर जातो. अशा गाडीत 5 अँपिअरचा फ्यूज आणि रिले घालून बॅटरीवरून सप्लाय द्यावा लागतो. 20 वॉटचा एलईडी पावणेदोन अँपिअरच्या आसपास घेतो. दिवा लावून रेसवर बॅटरीवर 13 व्होल्टच्या वर दिसले पाहिजेत, नाहीतर सकाळी सेल्फ लागणार नाही. एलईडी बल्बमागचा पंखा हेडलाइटच्या रबरी बुटात गुदमरू देऊ नका. आपल्याकडचा मे महिना आणि धूळ, दोन्ही त्याचे वैरीच.

एलईडी बसवताना चिपा डावी-उजवीकडे आणि डिपरच्या चिपेची वाटी खाली. गाडी भिंतीपासून 5 मीटरवर, वर माणूस बसवून उभी करा आणि बल्बच्या उंचीवर खडूने रेघ मारा. डिपरचा वरचा काठ रेघेखाली साधारण 5 सेंटिमीटरवर, स्पष्ट दिसला पाहिजे. वर उजेड सांडला तर बल्बची कॉलर (बसवायची कडी) फिरवून पाहा. तरीही सांडत असेल तर बल्ब दुकानदाराला परत करा.

केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 106 नुसार 8 मीटरवर, दीड मीटर उंचीवरच्या डोळ्यांना दिव्याने दिपवता कामा नये. 1 एप्रिल 2017 पासूनच्या नव्या दुचाकी तर दिवसाही दिवा लावूनच धावतात. पीयूसीला गाडी येतेच. त्या केंद्रावर अशी रेघ मारलेली एक भिंत आरटीओने सक्तीची करावी.

— एक ऑटो इलेक्ट्रिशियन, जुळे सोलापूर