खाणपट्ट्याची हद्द डोंगरावर दिसली पाहिजे

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

नवी मुंबईलगतच्या पारसिक डोंगरातील दगडखाणींची चर्चा धूळ आणि सुरुंग यांपाशी सुरू होते आणि बहुधा तिथेच थांबते. त्या तक्रारी खऱ्याच आहेत. तुर्भे-नेरूळकडे राहणाऱ्याला त्या वेगळ्या सांगाव्या लागत नाहीत. मात्र नोकरीची सारी वर्षे जमीनमोजणीत गेल्यामुळे, ते उघडे पडलेले कडे पाहिले की माझ्या मनात दुसराच प्रश्न येतो : खाणपट्टा, म्हणजे दगड काढण्यासाठी ठरावीक मुदतीने दिलेली जागा, नेमका कुठवर मंजूर होता, आणि ती रेषा आज जागेवर कोण दाखवू शकेल?

शेताच्या बांधावरून तंटा झाला, तर लगतच्या खातेदारांना नोटीस देऊन, जुने टिपण (मोजणीच्या वेळचा मापांसह कच्चा नकाशा) काढून आणि हद्दीचा दगड शोधून हद्द कायम करता येते. डोंगरातल्या खाणीत तो दगड ज्या जमिनीत रोवलेला असतो, ती जमीनच पोकलेन उचलून नेते. एकदा अशाच एका मोजणीला गेलो असता नकाशातील चार दगडांपैकी दोन जिथे हवेत, तिथे तीन मजली इमारत मावेल एवढा खड्डा होता. हजर असलेल्या दोन्ही पक्षांनी खड्ड्याच्या हवेत बोट दाखवून आपापली हद्द सांगितली, आणि पंचनाम्यात काय लिहावे हे मला बराच वेळ सुचले नाही.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ नुसार, शासनाने स्पष्टपणे सोडून दिलेला हक्क वगळता, जमिनीतील खनिज शासनाचे असते. म्हणजे जमिनीचा मालक एक, दगडाचा मालक शासन आणि तो काढण्याचा मुदतबंद हक्क पट्टेदाराचा. नवी मुंबईत यात आणखी एक पदर आहे. १९७० नंतर ९५ गावांची जमीन या शहरासाठी संपादित झाली आणि ते वसवणाऱ्या सिडको या शासकीय महामंडळाकडे आली. डोंगराचा काही भाग वनजमीन आहे. परिणामी तक्रारदाराला महसूल खाते, सिडको आणि वन विभाग अशी फेरी घडते. ज्यांची शेती आणि मिठागरे गेली, त्यांच्यापैकी काहींनी पुढे याच दगडात पोट शोधले आणि शहराच्या इमारतींना लागलेली खडीही याच डोंगराने पुरवली, हे विसरून सगळ्या खाणवाल्यांना सरसकट चोर म्हणणे मला अन्यायाचे वाटते. उलट, हद्द स्पष्ट नसण्याचा जाच प्रामाणिक पट्टेदारालाच अधिक होतो.

पाच हेक्टरांहून लहान गौण खनिज (दगड, मुरूम, वाळू यांसारखे) पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१२ रोजी दीपककुमार प्रकरणात सांगितले. मोठ्या क्षेत्राचे लहान तुकडे पाडून मंजुरी टाळण्याच्या पळवाटेकडे त्या निकालाने लक्ष वेधले होते. पण तुकड्याची हद्दच जागेवर सापडत नसेल, तर मंजुरीतले क्षेत्र आणि प्रत्यक्ष खोदलेले क्षेत्र ताडून कसे पाहायचे? स्वामित्वधनाचेही, म्हणजे काढलेल्या दगडासाठी शासनाला द्याव्या लागणाऱ्या रकमेचेही, तेच. ते ब्रासवर, म्हणजे शंभर घनफुटांच्या मापाने, आकारले जाते. वाहतूक परवान्यांवर किती ब्रास दाखवले आणि खड्ड्यातून प्रत्यक्षात किती गेले, हे ईटीएस (अंतर व कोन मोजणाऱ्या इलेक्ट्रॉनिक) यंत्राने किंवा ड्रोनने मोजता येते. मोजणीखात्याला यात अवघड असे काही नाही.

म्हणून माझी जिल्हा प्रशासनाला विनंती आहे की, ठाणे जिल्ह्यातील सार्वजनिक जमिनीवरच्या प्रत्येक खाणपट्ट्याच्या, चालू असो वा बंद, कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश, मुदत आणि नकाशा संकेतस्थळावर व जागेवरच्या फलकावर मराठीत लावावा. पट्ट्याची नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यातही असावी. हद्दीचे दगड खोदकामाच्या क्षेत्राबाहेर, संदर्भखूण म्हणून रोवावेत, म्हणजे ते खड्ड्यात जाणार नाहीत. आणि मुदत संपलेल्या पट्ट्यांतील, पावसाळ्यात पाण्याने भरणाऱ्या खड्ड्यांना कुंपण घालण्याची जबाबदारी कोणत्या खात्याची, हे त्याच फलकावर लिहावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त भूमापक, नेरूळ, नवी मुंबई