अधिवेशनात मजुरांच्या नव्वद दिवसांच्या कामाच्या दाखल्यावर कुणीच बोललं नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात कोल्हापूरला आमच्या ठेकेदार संघटनेचं विभागीय अधिवेशन झालं, दोन दिवस होतं, मी जयसिंगपूरवरून रोज जाऊन येऊन केलं. मी छोटा ठेकेदार, घरं बांधतो, अधूनमधून शाळेच्या खोल्या, गटारं अशी सरकारी कामं. अधिवेशन चांगलं झालं हे आधी सांगतो. सरकारी कामावरचा जीएसटी जुलै २०२२ मध्ये १२ चा १८ टक्के झाला तेव्हा जुन्या रेटने घेतलेली कामं किती जणांच्या अंगावर आली, तो फरक कसा मागायचा हे एका वक्त्याने कागद दाखवून समजावलं. थकीत बिलांवर तर सगळा हॉल उठून बोलत होता आणि ते बरोबरच आहे, व्याजाने पैसे काढून स्लॅब टाकणाऱ्यालाच ते कळतं.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या मुकादमांना सोबत नेलं. सेंट्रिंगमध्ये, म्हणजे स्लॅबचा साचा उभा करण्याच्या कामात, त्यांची तीस वर्षं गेलीत. बाहेर स्टॉलवर अॅल्युमिनियमच्या शटरिंगचं, म्हणजे त्याच साच्याचं, पॅनल उभं केलं होतं, त्यावरून त्यांनी हात फिरवला, एका बाजूने उचलून बघितलं आणि म्हणाले, "मालक, ह्यात प्लायच न्हाई, खिळा बी न्हाई, मग आमच्या पोरांनी काय करायचं?" तिथल्या मुलाने त्यांना पिन आणि वेज म्हणजे पाचर कशी लावायची ते शिकवलं, दोन मिनिटांत त्यांनी स्वतः लावून दाखवली. पण त्यांची बोटं मी तेव्हा जवळून बघितली, सिमेंटने टोकं इतकी घासलीत की रेषाच राहिल्या नाहीत. मागे कामगार नोंदणीला गेलो होतो तेव्हा मशिनवर त्यांचा अंगठा उमटतच नव्हता, पाच-सहा वेळा पुसून पुसून ठेवला.

आणि याच नोंदणीबद्दल दोन दिवसांत स्टेजवरून एक शब्द आला नाही, म्हणून हे पत्र. १९९६ साली बांधकाम कामगारांचा कायदा झाला, तेव्हापासून बांधकाम खर्चाच्या १ टक्का सेस म्हणजे उपकर ठरलाय, सरकारी कामात तो आमच्या बिलातूनच कापून घेतात. त्या पैशातून मजुराच्या मुलांना शिष्यवृत्ती, बाळंतपणाला, आजारपणाला मदत मिळते. पण आधी नोंदणी पाहिजे आणि नोंदणीला मागच्या वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला पाहिजे. नाक्यावरून येणारा बिगारी चार दिवस माझ्याकडे, दहा दिवस दुसऱ्याकडे, पावसाळ्यात घरी. दिवस भरतात पण वेगवेगळ्या साईटवर, मग सही कोण करणार? ठेकेदार म्हणतो उद्या कसली तरी नोटीस आली तर, आणि मजूर परत मागायला येत नाही. ज्याने कधी घमेलं उचललं नाही अशा माणसाला ओळखीवर दाखला मिळतो आणि खरा गवंडी राहतो, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

संघटनेकडे सगळ्या सभासदांची यादी आहे, ऑफिस आहे. सगळ्यांच्या हजेरीवह्या एका ठिकाणी जुळवल्या तर कुणाचे कुठे किती दिवस भरले हे अर्ध्या दिवसात निघेल. पुढच्या अधिवेशनात टाईल्सच्या स्टॉलशेजारी एक टेबल यासाठी ठेवा, मी स्वतः दोन्ही दिवस तिथे बसायला तयार आहे.

घरी आल्यावर माझी हजेरीवही काढून बसलो. साईटवर अकरा जण, त्यातल्या सात जणांचे नव्वद भरले, त्यांना दाखले दिले. उरलेल्या चौघांचे बाकीचे दिवस दुसऱ्या तीन ठेकेदारांकडे आहेत, तिघेही अधिवेशनात भेटले होते. तिघांना फोन केलेत, "बघू" म्हणालेत, अजून एकाचीही सही आलेली नाही.

आपला,
एक बांधकाम ठेकेदार, जयसिंगपूर