नुसते नाव सांगून वेबकॉमिकची शिफारस होत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत नव्या पुस्तकांची, चित्रपटांची आणि अलीकडे पॉडकास्टचीही शिफारस नियमाने येते. इंटरनेटवर क्रमशः प्रसिद्ध होणाऱ्या चित्रकथांना, म्हणजेच वेबकॉमिक्सना, मात्र तेथे अजून जागा मिळालेली नाही. ती मिळावी, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. विनंतीसोबत एक अटही आहे (वाचकाने संपादकांना अट घालणे हे धार्ष्ट्यच, याची मला कल्पना आहे). ‘वाचायलाच हवीत अशी दहा वेबकॉमिक्स’ या थाटाची नुसती यादी कृपया छापू नये.

पुस्तकाचे नाव आणि लेखक सांगितला की शिफारशीचे निम्मे काम होऊन जाते. वाचक पहिल्या पानापासून सुरुवात करतो, किती पाने उरली ते हातालाच कळते आणि शेवटच्या पानावर शेवट असणार याबद्दल कोणाला शंका नसते. वेबकॉमिकच्या बाबतीत यातले काहीच गृहीत धरता येत नाही. ‘केविन अँड केल’ ही प्राण्यांच्या कुटुंबाची मालिका 1995 मध्ये सुरू झाली. ‘पहिल्यापासून वाच’ असे तिच्याबद्दल सांगणे म्हणजे नव्या वाचकाला कित्येक महिन्यांचे काम लावून देणे होय. ‘एक्सकेसीडी’चे तसे नाही. 2005 पासून चालू असले तरी त्याचे बहुतेक भाग स्वतंत्र आहेत आणि कुठूनही वाचता येतात. 2003 मध्ये सुरू झालेल्या ‘डायनोसॉर कॉमिक्स’मध्ये तर प्रत्येक वेळी तीच सहा चित्रे असतात, बदलतात ते फक्त संवाद. एकच भाग पाहणाऱ्याला हा आळशीपणा वाटतो. आठ-दहा भाग सलग वाचल्यावर खरी गंमत कळते. ‘निदान दहा भाग वाचा’ हे वाक्य शिफारस करणाऱ्यानेच सांगायला हवे, कारण ते त्या पानावर कुठेही लिहिलेले नाही.

हे मी अनुभवाने लिहीत आहे. एका स्नेह्याने फार वाखाणलेली एक दीर्घ अद्भुतकथा मी पहिल्या पानापासून वाचायला घेतली आणि कच्ची रेखाटने पाहून पंधराव्या पानावर सोडून दिली. चित्रकार दर आठवड्याला पाने काढत काढतच शिकतो आणि त्याचे शिकणे वाचकाला उघड दिसत राहते, हे तेव्हा माझ्या लक्षात आले नव्हते. ‘तिसऱ्या प्रकरणापासून वाच, आधीचे मागाहून पाहा’ असे दुसऱ्या कोणीतरी सांगितले तेव्हा कुठे त्या कथेची आणि माझी गाठ पडली. दुसरा प्रसंग याच्या उलटा घडला. तीन रात्री जागून जिच्या ऐन लढाईपर्यंत पोहोचलो ती कथा तिथेच थांबली होती, आणि शेवटच्या पानाखालची तारीख सहा वर्षांपूर्वीची होती. शिफारस करणाऱ्याला हे ठाऊक होते. ‘सांगायचे राहिले’ एवढेच त्याचे म्हणणे. चित्रकाराला मी दोष देत नाही. बहुतेक जण पोटाचा उद्योग सांभाळून हे काम करतात आणि वाचकांकडून पैसे घेत नाहीत. कथा अपुरी आहे हे आधी कळले असते तरी मी ती वाचलीच असती, फक्त निराळ्या अपेक्षेने. म्हणून पूर्ण झालेल्या कथांची नावे आवर्जून वेगळी सांगावीत असे मला वाटते. मिन्ना सुंडबर्ग यांची ‘स्टँड स्टिल, स्टे सायलेंट’ 2013 मध्ये सुरू होऊन 2022 मध्ये संपली; शेवट हवाच असणाऱ्या वाचकाला ती निर्धास्तपणे सुचवता येते.

शिफारशीचा सर्वांत प्रचलित आणि माझ्या मते सर्वांत वाईट प्रकार म्हणजे चित्राचा स्क्रीनशॉट पुढे ढकलणे. त्यात खालची सही आणि संकेतस्थळाचे नाव बहुधा कापले जाते, त्यामुळे आवडले तरी दुसरा भाग शोधायचा कुठे, हा प्रश्न उरतो. बरे, चित्रातले शब्द हे चित्राचाच भाग असल्याने, एखादा संवाद आठवला म्हणून तो टाइप करून कॉमिक सापडेलच असेही नाही. कधीकधी तर विनोदच गळून पडतो. ‘एक्सकेसीडी’च्या मूळ पानावर चित्रावर माऊसचा बाण नेला की आणखी एक ओळ उमटते आणि पुष्कळदा खरी कोपरखळी त्या ओळीतच असते. त्याच मालिकेतला 2013 चा ‘टाइम’ हा भाग सुमारे चार महिने, सुरुवातीला अर्ध्या तासाने आणि नंतर तासातासाने बदलत 3099 चित्रांपर्यंत गेला आणि पुढच्या वर्षी त्याला विज्ञानकथा-अद्भुतकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. तो पुढे ढकलणार तरी कसा? उभ्या पट्टीत खाली सरकत वाचायच्या वेबटूनचेही तेच. त्यात दोन चित्रांमधली लांबलचक मोकळी जागा म्हणजे कथेतला थांबलेला श्वास असतो, आणि चौकटी कापून एकाशेजारी एक लावल्या की तो श्वास नाहीसा होतो. म्हणून पाठवायची ती मूळ पानाची लिंक, आणि तीही आधी उघडून पाहून. 2020 च्या अखेरीस ‘स्मॅक जीव्ज’ हे वेबकॉमिक्सचे संकेतस्थळ बंद झाले. ब्राउझरमध्ये हलती चित्रे दाखवणाऱ्या फ्लॅश या तंत्राचा आधारही त्याच सुमारास संपला, आणि सात वर्षे चाललेल्या, 8000 हून अधिक पानांच्या ‘होमस्टक’मधले हलते भाग ब्राउझरमध्ये पूर्वीसारखे चालेनासे झाले. जुन्या याद्यांतल्या किती लिंका आता रिकाम्या पानांवर नेतात, हे त्या उघडणाऱ्यालाच कळते.

नवे शोधायचे कसे, असेही विचारले जाते. मोठ्या ॲपवरच्या लोकप्रियतेच्या याद्यांवर माझा फारसा भरवसा नाही. वर असलेलेच पुन्हा वाचले जाते आणि वाचले गेले म्हणून ते वरच राहते. त्यापेक्षा आवडत्या चित्रकाराच्या पानावर त्याने स्वतः दिलेल्या इतरांच्या लिंका पाहाव्यात आणि तो रजेवर असताना त्याच्या जागी चित्र काढणारे पाहुणे कोण, याकडे लक्ष ठेवावे. कॉमिक्ससाठी दिल्या जाणाऱ्या अमेरिकेतल्या आयझ्नर पुरस्कारांत 2005 पासून डिजिटल कॉमिक्ससाठी विभाग आहे. त्यातल्या विजेत्यांपेक्षा नामांकनांची यादी मला अधिक उपयोगी पडली आहे. पहिल्या वर्षी हा पुरस्कार ब्रायन फाइज यांच्या ‘मॉम्स कॅन्सर’ला मिळाला होता. आईच्या आजारपणाची ती हकीकत त्यांनी आधी स्वतःचे नाव न देता प्रसिद्ध केली होती. वेबकॉमिक म्हणजे फक्त थट्टामस्करी, असे समजणाऱ्यांना मी नेहमी तिचेच नाव सांगतो.

तेव्हा विनंती अशी की पंधरवड्यातून एकदा, एकाच वेबकॉमिकसाठी, आठ-दहा ओळींची चौकट द्यावी. कथा कशाची आहे हे दोन ओळींत आटोपले तरी चालेल. सुरुवात कुठून करावी, कथा चालू आहे, संपली आहे की अर्धवट सुटली आहे, मोबाइलवर नीट वाचता येते का आणि मुलांच्या हाती देण्याजोगी आहे का, हे मात्र त्यात असावे. शेवटचा मुद्दा किरकोळ समजू नये, कारण साध्यासुध्या चित्रशैलीवरून आतला मजकूर ओळखता येत नाही आणि वेबकॉमिकला प्रमाणपत्र देणारे कोणतेही मंडळ नाही. चौकट लिहिणाऱ्याने ते कॉमिक स्वतः निदान शंभर पाने वाचलेले असावे. पहिल्या काही चौकटींसाठी लागणारा मजकूर मी आपल्याला आनंदाने पाठवीन.

आपला,
एक नियमित वाचक